आधी कलम की आधी आजार? साथीच्या काळात कच्च्या कैद्यांना का सोडतात

नाशिकरोडला जेलरोडवर राहणाऱ्यांना तुरुंग काही लांबचा नसतो. दूध आणायला निघालं की उंच भिंत दिसते. मुलाखतीच्या दिवशी रिक्षातून उतरणाऱ्या बायका दिसतात, कडेवर पोर आणि हातात कपड्यांची पिशवी. तरीही आत कोण असतं असं विचारलं, तर आपण बहुतेक जण एकाच शब्दात उत्तर देतो: गुन्हेगार.

मे २०२० मध्ये बातमी आली की महाराष्ट्रातल्या तुरुंगांतून सुमारे सतरा हजार कैदी तात्पुरते सोडणार. तेव्हा कोरोनामुळे आम्ही सगळे घरात कोंडलेले होतो. शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, "आम्हाला बाहेर पडलं की दंडुका, आणि त्यांना मोकळं सोडताय?" मी बरीच वर्षं सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात बातम्यांसाठी जात होते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. काकांचा राग मला समजत होता. आजही एखाद्या आरोपीला आजारपणाच्या कारणावरून जामीन मिळाला की तोच प्रश्न, तोच राग पुन्हा वर येतो. म्हणून हे सगळं पायापासून सांगते.

आत असतं तरी कोण?

तुरुंगात मुख्यतः दोन प्रकारची माणसं असतात. खटला पूर्ण होऊन शिक्षा झालेला तो पक्का कैदी. खटला अजून चालू आहे, किंवा सुरूच झालेला नाही, तो कच्चा कैदी. सरकारी कागदात त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात.

२०२० च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ४,८८,५११ माणसं होती. त्यांतले ३,७१,८४८ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार जणांमागे तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. त्यांतले काही पुढे दोषी ठरतील, काही निर्दोष सुटतील. कोण कुठल्या गटात जाणार हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं, न्यायाधीशांनाही नाही.

घरात कुणाला गाठ आली की डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवतात. रिपोर्ट यायचा असतो, तोवर कुणी केमो सुरू करत नाही. कच्चा कैदी म्हणजे रिपोर्ट यायच्या आधीचा माणूस. शंका असेल, दाट शंका असेल, पण निदान झालेलं नाही.

मग निकालाआधी आत ठेवतात कशाला?

कारणं मोजकीच आहेत. आरोपी पळून जाईल, साक्षीदारांना धमकावेल किंवा पुरावा नाहीसा करेल, बाहेर येऊन पुन्हा तेच करेल, अशी भीती असते म्हणून. शिक्षा म्हणून आत ठेवण्याची परवानगी या टप्प्यावर कायदा देत नाही. लोकांच्या मनात इथेच गल्लत होते. आपल्याला वाटतं, जामीन मिळाला म्हणजे सुटला. सुटलेला नसतो. खटला तसाच उभा असतो, तारखा चालू असतात आणि दोषी ठरला तर तो परत आत जातो.

जामीन म्हणजे तारखेला हजर राहण्याची हमी. ती दुसऱ्या माणसाने दिली तर तो जामीनदार. आरोपीने स्वतःच लिहून दिली तर तो जातमुचलका, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे पीआर बाँड म्हणतात. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलं आहे.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. एखाद्याला आत ठेवण्याचं कारण एवढंच असेल की तो तारखेला यावा, तर त्यासाठी त्याच्याकडून किती किंमत घ्यायची? एरवी ती किंमत म्हणजे काही महिने, नोकरी, घरची आबाळ. हीसुद्धा थोडी नाही. पण साथ आली आणि माणूस साठीचा, मधुमेही किंवा दम्याचा असला, तर तारखेला हजर राहण्याची किंमत त्याचा जीव होऊ शकते. कारण तेच राहिलं आणि किंमत शंभरपट झाली, तर हिशेब नव्याने मांडावाच लागतो.

चाळीतला कांदा

तुरुंगात साथ कशी पसरते हे नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायची खरं तर गरज नाही. ज्याने कांदा साठवायची चाळ भरली आहे, त्याला ते ठाऊक आहे.

चाळ बांधताना खालून हवा खेळायला जागा सोडतात, बाजूंना फटी ठेवतात आणि थर ठराविक उंचीच्या वर चढवत नाहीत. का? एखादा कांदा सडणारच, हे शेतकरी धरूनच चालतो. त्याचं पाणी शेजारच्याला लागू नये एवढीच त्याची धडपड असते. चाळ दाबून भरली, हवा कोंडली, की आतून वास सुटतो. वास बाहेर येईपर्यंत मधला थर गेलेला असतो. तेव्हा भाव असो नसो, चाळ फोडावी लागते. आणि भरण्याआधी शेतकरी आणखी एक गोष्ट करतो. डेंगळे आणि जोडकांदे बाजूला काढतो, कारण ते टिकायचे नाहीत हे त्याला माहीत असतं.

माणूस कांदा नाही, हे मलाही कळतं. पण साथीत तुरुंगाचं गणित हेच आहे. गर्दी कमी करायची, आणि ज्यांचं शरीर टिकणार नाही त्यांना आधी बाहेर काढायचं. ही दोन वेगळी कामं आहेत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच येणार आहे.

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची अधिकृत क्षमता ८०४ आहे. मे २०२० मध्ये तिथे त्याच्या तिपटीहून जास्त माणसं होती. बराकीत अंथरुणाला अंथरूण लागलेलं, संडास सामाईक, नळावर रांग. 'दो गज की दूरी' ही गोष्ट तिथे मोजायची कुठे? त्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच तिथल्या दीडशेच्या वर बंद्यांना लागण झाल्याचं उघड झालं. शिपाई आणि अधिकारीही आजारी पडले, आणि ते रोज घरी जाणारे लोक होते. आपल्या जेलरोडचीच कल्पना करा. आतला कर्मचारी ड्यूटी संपवून ज्या दुकानात भाजी घेतो, तिथेच मी घेते. साथीला भिंत नसते.

२०२० मध्ये नेमकं काय ठरलं

२३ मार्च २०२० रोजी, देशव्यापी लॉकडाऊन जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतलेल्या याचिकेत आदेश दिला. सरन्यायाधीश होते आपले नागपूरचे शरद बोबडे. आदेश असा की प्रत्येक राज्याने उच्चाधिकार समिती नेमावी. त्यात विधी सेवा समितीचे अध्यक्ष, गृह किंवा तुरुंग खात्याचे प्रधान सचिव आणि तुरुंग महासंचालक असावेत. कुणाला तात्पुरत्या जामिनावर किंवा पॅरोलवर सोडता येईल हे या समितीने ठरवावं. उदाहरण म्हणून न्यायालयाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे सांगितले.

तात्पुरता जामीन म्हणजे मुदतीचा जामीन. मुदत संपली की परत हजर व्हायचं. पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा, ही फक्त पक्क्या कैद्यांसाठी असते. या लेखात आपण कच्च्यांबद्दलच बोलतो आहोत.

महाराष्ट्राच्या समितीने दोनच दिवसांत, २५ मार्चला, निर्णय घेतला. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतले कच्चे कैदी पंचेचाळीस दिवसांसाठी जातमुचलक्यावर सोडायचे. ११ मे रोजी दार आणखी उघडलं आणि सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांतल्या आरोपींचाही विचार करायचं ठरलं. पण काही जण दोन्ही वेळा वगळले गेले. मोठे आर्थिक घोटाळे, तसंच मोक्का (संघटित गुन्हेगारी), यूएपीए (दहशतवाद आणि बेकायदा कारवाया), एनडीपीएस (अमली पदार्थ), पीएमएलए (काळा पैसा पांढरा करणं) यांसारखे विशेष कायदे लागलेले आरोपी. हे वगळणं योग्य नाही असं म्हणत काही संघटना न्यायालयात गेल्या. आधी मुंबई उच्च न्यायालयाने आणि मग सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समितीचाच निर्णय कायम ठेवला.

एकूण दहा हजारांहून जास्त माणसं बाहेर आली. दुसऱ्या लाटेत, ७ मे २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तसाच आदेश दिला आणि पोलिसांनाही बजावलं की सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करू नका.

चाळणी कलमाची होती

आता माझं म्हणणं सांगते. या सगळ्या व्यवस्थेने गर्दी कमी करण्याचं पहिलं काम हाती घेतलं, आणि ते बऱ्यापैकी केलंही. दुसरं काम, म्हणजे ज्याचं शरीर टिकणार नाही त्याला आधी काढणं, ते मागे पडलं. कारण महाराष्ट्राच्या चाळणीची मुख्य जाळी कलमाची होती. कुठलं कलम, किती वर्षांची शिक्षा, कुठला कायदा. विषाणूला कलम वाचता येत नाही. तो वय बघतो, फुप्फुसं बघतो, साखर बघतो.

या चाळणीतून बावीस वर्षांचा धडधाकट मोबाइलचोर पहिल्या दिवशी बाहेर पडू शकतो, आणि त्याच बराकीतला सत्तरीचा, डायलिसिसवरचा आरोपी, कलम मोठं म्हणून आतच राहतो. चोराला सोडलं यात काही चूक नाही. पण चाळीतून मजबूत कांदे काढले आणि डेंगळे आतच ठेवले, असं ते झालं.

वेगळं करता आलं असतं का? आलं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात इतर कुठलीही योग्य बाब विचारात घेण्याची मोकळीक होती. दिल्लीच्या समितीने आपल्या निकषांत आजारांची यादीच घातली: एचआयव्ही, कॅन्सर, डायलिसिस लागणारा मूत्रपिंडाचा विकार, काविळीचे बी आणि सी प्रकार, दमा, क्षयरोग. कलमाची अट तिथेही होती, पण निदान आजार कागदावर आला.

आणि हे काही साथीपुरतं शोधून काढलेलं औदार्य नाही. अजामीनपात्र गुन्ह्यातला आरोपी आजारी किंवा अशक्त असेल तर न्यायालय त्याला जामिनावर सोडू शकतं, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्येही ते आहे. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या पीएमएलएसारख्या कडक कायद्यातही आजारी आरोपीसाठी वेगळी खिडकी ठेवली आहे. यूएपीए, एनडीपीएस आणि मोक्कामध्ये मात्र ती खिडकी नाही. तिथे उरतो फक्त राज्यघटनेचा अनुच्छेद २१, जगण्याचा हक्क, आणि तो मागायला बहुतेक वेळा उच्च न्यायालयाचं दार वाजवावं लागतं.

ते दार कधी उघडतं आणि कधी उशीर होतो, याची दोन उदाहरणं आपल्याच राज्यातली आहेत, एकाच, एल्गार परिषदेच्या खटल्यातली. कवी वरवरा राव यांना मुंबई उच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी आजारपणाच्या कारणावरून सहा महिन्यांचा जामीन दिला. तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. फादर स्टॅन स्वामी यांना पार्किन्सन्सचा आजार होता, हात इतके थरथरायचे की पाणी प्यायला नळीचा पेला मागावा लागला. विशेष न्यायालयाने त्यांचा जामीन नाकारला. तळोजा तुरुंगातून त्यांना मे २०२१ च्या अखेरीस वांद्र्याच्या रुग्णालयात हलवलं. ५ जुलै २०२१ रोजी, उच्च न्यायालयात त्यांचा अर्ज सुनावणीला असतानाच, ते गेले. वय ८४. त्यांच्यावरचे आरोप खरे होते की खोटे, याचा निकाल आता कधीच लागणार नाही. तुम्ही त्यांच्या बाजूचे असा किंवा विरोधातले, खटलाच झाला नाही हे नुकसान दोन्ही बाजूंचं आहे.

आदेश हातात, माणूस आत

जून २०२० मधली गोष्ट. निफाडकडच्या एक मावशी ओळखीच्या माणसाला विचारत विचारत माझ्याकडे आल्या. मुलगा चोवीस वर्षांचा, चोरीच्या केसमध्ये आत, लहानपणापासून दमा. त्यांच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी होती. तिच्यात दम्याचा पंप, तीन वर्षांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि चार घड्या घातलेला जामिनाचा आदेश. जामीन होऊन आठवडा झाला होता. "ताई, कोर्टानं सोडलंय ना? मग तो घरी का नाही?"

मी आदेश उलगडून वाचला. पंधरा हजारांचा मुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. ऐपतदार म्हणजे ज्याच्याकडे सातबारा, घरपट्टीची पावती किंवा ऐपतीचा दाखला आहे असा माणूस. मावशी दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत मजुरीला जायच्या. त्यांच्या नावावर काही नव्हतं. ज्या मालकाकडे सातबारा होता, तो पोलीस-कोर्टाच्या भानगडीत पडायला तयार नव्हता. दाखला द्यायची कचेरी मोजक्या माणसांवर चालू होती, आज या उद्या या. मुलाखती बंद होत्या. पंपही आत देता येईना, कारण बाहेरचं औषध आतल्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय जात नाही. हा नियम आहे आणि त्यामागे कारणही आहे.

एका वकिलाने फी न घेता अर्ज केला, जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरायची सवलत मिळाली. पैसे मावशींनी कुठून आणले ते मी विचारलं नाही. गळ्यातलं मणीमंगळसूत्र मात्र पुढच्या वेळी दिसलं नाही. आदेश झाल्यापासून अठराव्या दिवशी मुलगा बाहेर आला. त्या अठरा दिवसांत मावशींनी मला रोज एकदा फोन केला, आणि दर वेळी पहिला प्रश्न हाच, "त्याला श्वास येत असंल का?"

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका गवंड्याच्या प्रकरणात सांगितलं होतं की गरिबाला झेपणार नाही असा जामीनदार मागणं म्हणजे जामीन नाकारणंच आहे. ३१ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने आणखी स्पष्ट आदेश दिले: जामिनाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ईमेलने जावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. केंद्राच्या एका योजनेतून गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदतही मिळू शकते. यातलं काहीच २०२० मध्ये मावशींच्या वाट्याला आलं नव्हतं.

"पण बाहेर तरी कुठे सुरक्षित होतं?"

हा आक्षेप नाशिककराने घेतला तर मी त्याला लगेच गप्प करणार नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी आपल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी बावीस रुग्ण गेले. बाहेर खाटा नव्हत्या, इंजेक्शनसाठी लोक रात्रभर रांगेत होते. मग आतच बरं नव्हतं का?

फरक असा की बाहेरच्या माणसाला दार लावून घेता येतं. वेगळ्या खोलीत झोपता येतं, वास गेला की त्याच दिवशी तपासणी करून घेता येते, एका दवाखान्यात जागा नाही तर दुसऱ्या दारात जाता येतं. कैद्याला यातलं काहीच स्वतःहून करता येत नाही. ज्याचे हात आपण बांधले आहेत, त्याच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

"तुरुंगात दवाखाना असतो की!"

असतो. ताप, खोकला, जखम यांच्यासाठी तो पुरतो. पण डायलिसिस, केमो, हृदयाचं दुखणं यांसाठी बाहेर न्यावं लागतं, आणि बाहेर न्यायचं तर पोलीस गार्ड लागतो. गार्ड मिळाला नाही की तपासणीची तारीख हुकते. साथीत तर पोलीस नाक्यानाक्यांवर होते.

"आजाराचं सोंग आणलं तर?"

आणणारे आणतात. पैसेवाला आरोपी अटक होताच छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात झोपतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय आणि त्याची चीड मलाही येते. पण त्यावर उपाय चांगल्या तपासणीचा आहे. न्यायालय सरकारी डॉक्टरांचं मंडळ नेमू शकतं, तुरुंगातल्या डॉक्टरचा अहवाल मागवू शकतं, जुनी कागदपत्रं ताडून पाहू शकतं. खोट्या दुखण्याच्या रागापोटी खरा आजारी माणूस आत राहतो, आणि तो बहुतेक वेळा गरीब असतो, कारण त्याच्याकडे जुनी फाईलच नसते.

"पळून गेला तर? आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं काय?"

काही जण परतले नाहीत, हे खरं आहे. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की साथीत सुटलेल्या सगळ्यांनी पंधरा दिवसांत हजर व्हावं. त्याच आदेशात कच्च्या कैद्यांना हजर झाल्यावर नेहमीच्या जामिनासाठी अर्ज करायची मुभाही होती.

तक्रारदाराची भीती मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. जिच्या घरात घुसून मारहाण झाली, तिला आरोपी त्याच गल्लीत दिसला तर रात्रीची झोप उडते. म्हणून जामिनाला अटी घालता येतात: अमुक तालुक्यात पाऊल टाकायचं नाही, साक्षीदाराला फोन करायचा नाही, आठवड्यातून एकदा ठाण्यात हजेरी. अट मोडली तर जामीन रद्द. आणि पीडिताला आपलं म्हणणं मांडायचा हक्क जामिनाच्या सुनावणीतही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत या अटी जास्त सहज पाळल्या जातात, हेही विसरू नये.

घरातलं कुणी आत असेल तर

साथ येवो न येवो, हे कामाचं आहे. कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा. आजाराचे जुने कागद, अगदी मेडिकलच्या बिलांसकट, एका फाईलीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. झेरॉक्स वकिलाला द्या, मूळ प्रत घरी ठेवा. अटकेनंतर पहिल्यांदा न्यायाधीशांपुढे उभं केलं की आजार तिथेच सांगायला लावा आणि तो रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लिहून घ्यायची विनंती करायला सांगा. पुढच्या प्रत्येक अर्जात ती नोंद उपयोगी पडते.

आणखी एक. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, इतरांनी निम्मा, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार त्याची जामिनावर सुटका होऊ शकते. जन्मठेप किंवा फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तरी नाही. हा अर्ज न्यायालयात पाठवायची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. पण तारीख तुम्हीही मोजा. मावशींनी कॅलेंडरवर रोज एक रेघ मारली होती, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.